चुकीच्या जागी उभा असलेला साक्षीदार : ‘कानून’ (१९६०)

चौतीस वर्षे न्यायालयात लघुलेखकाची नोकरी केल्यामुळे कोर्टाचे चित्रपट निवांतपणे पाहण्याचे सुख माझ्या नशिबी राहिलेले नाही. पडद्यावरच्या न्यायाधीशांनी लाकडी हातोडा आपटला की माझे लक्ष उडते, कारण इतक्या वर्षांत एकाही न्यायाधीशाच्या टेबलावर मी तो हातोडा पाहिलेला नाही; आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून पाच मिनिटे अखंड भाषण करू लागला की माझी बोटे आपोआप वळवळतात व हे सगळे टिपून घेणाऱ्या बिचाऱ्याची काळजी वाटू लागते. असे असूनही बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ हा कृष्णधवल चित्रपट मी आजवर चार वेळा पाहिला आहे. रहस्यपटांची आवड आहे, पण जुना हिंदी चित्रपट म्हणजे संथ आणि रडका अशी ज्यांनी समजूत करून घेतली आहे, अशांनी तर तो एकदा पाहावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चित्रपट १९६० सालचा. ज्या वर्षी ‘मुघल-ए-आझम’ची गाणी घरोघरी पोहोचली, त्याच वर्षी चोप्रांनी एकही गाणे नसलेला, सुमारे अडीच तासांचा हा चित्रपट प्रेक्षकांपुढे ठेवला. गाण्यांविना हिंदी चित्रपट काढण्याचे धाडस त्याआधी कोणी केलेच नव्हते असे नाही, के. ए. अब्बास यांनी १९५४ मध्ये ‘मुन्ना’ असाच काढला होता. पण अशोक कुमार, राजेंद्र कुमार आणि नंदा अशी तिकीटबारीवर चालणारी नावे हाताशी असताना गाणी टाळणे ही गोष्ट वेगळी. दिग्दर्शक होण्यापूर्वी चोप्रा लाहोरला चित्रपटविषयक पत्रकारिता करीत असत, आणि सामाजिक प्रश्न हातात घेऊन त्याची गोष्ट करण्याची त्यांची खोड तिथपासूनची असावी, असे मला वाटते. आजच्या पिढीला ते दूरदर्शनच्या ‘महाभारता’मुळे ठाऊक आहेत. ‘कानून’ची कथा सी. जे. पावरी यांची, संवाद अख्तर-उल-इमान यांचे आणि पार्श्वसंगीत सलील चौधरी यांचे आहे.

मी तो प्रथम पाहिला तो महाविद्यालयात असताना, सोलापुरातल्या एका चित्रपटगृहात, मॅटिनीला. त्या काळी मॅटिनीला जुने चित्रपट लागत आणि प्रेक्षकांत आम्हा विद्यार्थ्यांच्या जोडीला मिलची रात्रपाळी करून आलेले कामगार बरेच असत. पंख्याखालची खुर्ची पकडून ते पहिल्या अर्ध्या तासातच डुलक्या घेऊ लागत, आणि गाणे लागले की जागे होत. त्या दिवशी माझ्या मागच्या रांगेतल्या एकाने मध्यंतराच्या आधी शेजाऱ्याला विचारलेले मला अजून आठवते : “गाणंच लागंना झालंय की अजून?” शेजाऱ्याने त्याला गप्प केले. मध्यंतरानंतर त्या रांगेतून घोरण्याचा आवाज एकदाही आला नाही, ही माझ्या मते या चित्रपटाची सर्वांत प्रामाणिक पावती आहे.

सुरुवातच अशी आहे की, प्रेक्षकाला उशिरा येऊन चालत नाही. गणपत नावाच्या माणसाच्या खुनाच्या आरोपाखाली कालिदास न्यायालयात उभा आहे. जीवन या नटाने ही भूमिका केली आहे, आणि एरवी पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला की प्रेक्षक खलनायक आला म्हणून सावध होत असत. खून आपणच केला, हे कालिदास नाकारत नाही. त्याचे म्हणणे इतकेच आहे, की याच गणपतच्या खुनासाठी आपण पूर्वी दहा वर्षे तुरुंगात काढलेली आहेत. तेव्हा गणपत जिवंत होता, आणि आता तो खरोखर मेला असेल, तर त्या खुनाची शिक्षा आधीच भोगून झाली आहे. द्यायचीच असेल तर दुसरी शिक्षा द्या, पण त्याआधी माझी दहा वर्षे परत करा. एवढे बोलून तो न्यायालयातच कोसळतो आणि मरतो.

इथे माझ्यातला कोर्टाचा माणूस जागा झाल्याशिवाय राहत नाही. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील दुसऱ्या खंडाप्रमाणे एकाच अपराधासाठी एका व्यक्तीवर दोनदा खटला चालवून तिला दोनदा शिक्षा करता येत नाही, हे खरे आहे. परंतु पहिल्या वेळी न घडलेला खून आणि दुसऱ्या वेळी घडलेला खून या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या घटना आहेत, त्यामुळे कालिदासचा युक्तिवाद कोणत्याही सत्र न्यायालयात टिकला नसता. चोप्रांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी त्या माणसाला मुद्दामच निकालापूर्वी मारले आहे. त्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची पाळी कोणावर येत नाही, आणि ते न दिलेले उत्तर पुढचा सगळा चित्रपटभर कोर्टाच्या छताखाली लोंबकळत राहते.

त्यानंतर न्यायाधीश मित्रांच्या गप्पांत विषय निघतो, की खून करूनही कायद्याच्या हाती न लागणे एखाद्याला शक्य आहे काय, आणि त्यावर पैज लागते. या मित्रांपैकी एक न्यायमूर्ती बद्रीप्रसाद म्हणजे अशोक कुमार. त्यांची मुलगी मीना ही नंदा, आणि तिच्याशी ज्याचे लग्न ठरले आहे तो तरुण वकील कैलास म्हणजे राजेंद्र कुमार. बद्रीप्रसादांचा मुलगा विजय (मेहमूद) उधळ्या आहे. त्याने धनिराम नावाच्या सावकाराकडून पैसे उचलले आहेत आणि त्या बदल्यात कोऱ्या कागदावर सही करून दिली आहे.

चित्रपटातला हा कोरा कागद मला फार जवळचा वाटतो. सोलापुरात यंत्रमागाची खाती, चादरीचे आणि टॉवेलचे कारखाने, विडी कारखान्यांतल्या बायका आणि त्यांच्या घरांतली देणी यांच्याशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला कोऱ्या कागदावरची सही म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. १९४६ चा मुंबई सावकार अधिनियम होता, पुढे त्याच्या जागी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. मधल्या काळात कोऱ्या मुद्रांकाची जागा कोऱ्या धनादेशाने घेतली आणि आमच्याकडे धनादेश न वटल्याच्या खटल्यांच्या संचिका कपाटांवर मावेनाशा झाल्या. एकदा एका माणसाच्या साक्षीत मी टिपून घेतले होते, की सही करताना कागदावर वर काहीच लिहिलेले नव्हते, फक्त खाली चहाच्या कपाचा गोल डाग होता. कागद पुराव्यात दाखल झाला तेव्हा वर सव्वादोन पाने मजकूर होता, आणि खाली तो डाग तसाच. ओम प्रकाश यांनी रंगवलेला धनिराम अशा माणसांपैकी आहे. तो ओरडत नाही, दमही फारसा देत नाही. कागद आपल्याकडे आहे याचे त्याला जे समाधान आहे, ते पुरेसे भयंकर आहे.

विजयसाठी रदबदली करायला कैलास रात्री धनिरामकडे जातो. तेवढ्यात आणखी कोणी येत असल्याचे जाणवून तो आडोशाला होतो, आणि त्या आडोशातून त्याला धनिरामचा खून होताना दिसतो. खून करणारा माणूस म्हणजे स्वतः बद्रीप्रसाद. हे मी इथे सांगून टाकले याबद्दल कोणी रागावू नये. ही गोष्ट चित्रपट प्रेक्षकापासून लपवत नाही, उलट ती त्याच्या पदरात टाकूनच खरा ताण सुरू करतो. थोड्या वेळाने कालिया नावाचा भुरटा चोर त्याच घरात शिरतो, प्रेत पाहतो, पळू लागतो आणि पकडला जातो. खटला उभा राहतो. आरोपी कालिया, बचावाचा वकील कैलास, आणि न्यायासनावर बद्रीप्रसाद.

रहस्यपटात साधारणतः खून कोणी केला याचा शोध चालतो. इथे तो शोध प्रेक्षकाच्या लेखी संपलेला आहे, आणि भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची : जो पाहिले ते सांगू शकतो, तो माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा नसून वकिलाच्या जागी उभा आहे. वकिलाला युक्तिवाद करता येतो, उलटतपासणी घेता येते, पण “मी पाहिले” हे चार अक्षरांइतके सोपे वाक्य उच्चारता येत नाही. वकिलांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलच्या आजच्या नियमांप्रमाणे, ज्या खटल्यात आपण साक्षीदार ठरू शकतो असे वकिलाला वाटते, तो खटला त्याने स्वीकारायचा नसतो. तो नियम इतका कोरडा आहे की, कोणी वाचतही नाही. चोप्रांनी त्या नियमाच्या पोटात किती माणसे चिरडली जाऊ शकतात, हे दाखवले आहे. (न्यायाधीश जवळचा नातेवाईक असल्यास वकिलाने त्याच्यापुढे उभे राहू नये, असाही नियम आहे आणि त्या यादीत काका, मामा, सासरा, मेव्हणा असे सगळे आहेत, होणारा सासरा मात्र नाही. कैलास तेवढ्यापुरता सुटला.)

खुनाचा प्रसंग ज्या पद्धतीने चित्रित केला आहे, त्यासाठी एकट्यासाठी हा चित्रपट पाहावा. संवाद जवळपास नाहीत. सलील चौधरींनी ज्या ठिकाणी दुसऱ्या कोणीही वाद्यांचा गजर केला असता, त्या ठिकाणी हात आखडता घेतला आहे, आणि त्यामुळे पावलांचा, दाराचा आणि श्वासाचा अंदाज प्रेक्षक स्वतः घेऊ लागतो. एम. एन. मल्होत्रा यांचे छायाचित्रण या भागात सर्वांत कसदार आहे. कृष्णधवल हा इथे निव्वळ काळाचा भाग वाटत नाही. वकिलाचा डगला काळा, गळ्यातली पट्टी पांढरी, न्यायालयातला प्रत्येक माणूस आधीच त्या दोन रंगांत वाटलेला. रंगीत फिल्म वापरली असती तरी कोर्टाच्या दृश्यांत तिला करायला फारसे काही उरले नसते.

अशोक कुमार यांच्याबद्दल लिहिताना मला संयम ठेवावा लागेल. एखादा न्यायाधीश साक्ष ऐकताना कसा बसतो, हे मी रोज दोन हातांच्या अंतरावरून पाहिलेले आहे. अनुभवी न्यायाधीशाचा चेहरा ऐकत असतो, पण त्यावर काही उमटत नाही, कारण उमटले तर दोन्ही बाजूंचे वकील लगेच त्याचा फायदा घेतात. अशोक कुमार यांनी नेमका तो चेहरा पकडला आहे. गंमत अशी, की या कथेत त्या निर्विकारपणाचे दोन अर्थ होतात, आणि प्रेक्षक प्रत्येक वेळी दोन्ही अर्थ तपासत राहतो : हा न्यायाधीशाचा संयम आहे, की गुन्हेगाराचा? चष्मा काढून ठेवणे किंवा कागद सारखा करणे एवढ्याही हालचालीकडे मी संशयाने पाहू लागलो होतो.

पण माझ्या दृष्टीने चित्रपट नाना पळशीकरांचा आहे. कालिया हा दिसायला भुकेलेला, बोलताना अडखळणारा, स्वतःच्या बचावासाठी नेमके काय सांगावे हेच न समजणारा माणूस आहे. मी ज्यांच्या जबान्या घेतल्या, त्यांतले निम्मे लोक असे होते. त्यांना प्रश्न कळत नाही, उत्तर देताना ते हात जोडतात, आणि लघुलेखकाला ते हात जोडणे कागदावर उतरवता येत नाही. पळशीकरांना या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, चोप्रांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा. मराठी माणसाला आणखी एक अभिमानाची जागा म्हणजे नंदा, मास्टर विनायकांची कन्या. बाप आणि भावी पती यांच्यामध्ये सापडलेल्या मुलीची भूमिका कागदावर अपुरी लिहिलेली आहे, तरी त्यांनी ती रडारड न करता निभावली आहे.

कालियाच्या डोक्यावर फाशी टांगलेली आहे, आणि सोलापूरच्या प्रेक्षकाला ही गोष्ट केवळ कथेतली वाटणे कठीण आहे. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा लागू झाला, आणि पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. तो खून त्यांनी केलाच नव्हता, असे सोलापूर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहे. रोज कचेरीला जाता-येता या चौघांच्या ‘चार पुतळ्यां’वरून जाणाऱ्या माणसाने ‘कानून’ पाहिला, तर निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो काय, हा प्रश्न त्याला चित्रपटाने शिकवावा लागत नाही.

त्या वेळच्या कायद्याचा संदर्भ ध्यानात ठेवला तर चित्रपटाचे धाडस अधिक कळते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे खुनाच्या खटल्यात फाशीऐवजी जन्मठेप दिली, तर ती का दिली याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. १९७३ च्या संहितेने गोष्ट उलटी केली आणि फाशी द्यायची असेल तर विशेष कारणे लिहिण्याचे बंधन घातले. फाशी अगदी अपवादात्मक खटल्यातच द्यावी, हे ‘विरळातील विरळ’ तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सांगितले. ‘कानून’ आला तो या दोन टोकांच्या मध्ये. माझ्या नोकरीत फाशीचा निकाल मी एकदाच टंकलिखित केला. सही झाल्यावर साहेबांनी जुन्या रिवाजाप्रमाणे पेनाचे निब टेबलाच्या कडेवर दाबून मोडले. तो आवाज काडेपेटीतली काडी मोडावी एवढाच होता, पण पट्टेवाल्यासकट आम्ही सगळे तो संपेपर्यंत थांबलो होतो.

आता दोष. शेवटचा भाग भाषणाकडे झुकतो. जे प्रेक्षकाच्या मनात आधीच उतरले आहे, ते राजेंद्र कुमार यांच्या तोंडून पुन्हा, आवाज चढवून वदवलेले आहे. मेहमूद यांचे विनोदी प्रसंग काढून टाकले तर चित्रपटाचे काहीही बिघडणार नाही, आणि मधला नृत्यनाट्याचा तुकडा गाणी नसल्याची भरपाई म्हणून ठेवल्यासारखा वाटतो. सर्वांत मोठी तक्रार उलगड्याबद्दल आहे. तो पहिल्यांदा पाहताना धक्का देतो, दुसऱ्यांदा पाहताना जरा सोयीचा वाटतो. त्याविषयी इथे याहून अधिक लिहिणे योग्य नाही. मात्र चोप्रांच्याच संस्थेने पुढे १९६९ मध्ये काढलेल्या, यश चोप्रा दिग्दर्शित ‘इत्तेफाक’ या दुसऱ्या गाणेविरहित रहस्यपटाशी तुलना करायची, तर तो अधिक आटोपशीर आहे, आणि हा अधिक काळ छळतो.

पाहण्याबाबत थोड्या व्यावहारिक सूचना. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रतींपैकी काहींत मूळचे चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी आडवे ताणलेले असते, त्यामुळे अशोक कुमार विनाकारण जाडे दिसतात आणि छायाचित्रणाची सगळी मांडणी बिघडते. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे प्रमाण चारास तीन करून घ्यावे. खोलीत अंधार करावा, कारण दुपारच्या उजेडात खुनाच्या प्रसंगातला अर्धा पडदा नुसता करडा दिसतो. खालच्या प्रतिक्रिया चित्रपट संपेपर्यंत उघडू नयेत. शेवट सांगून टाकण्यात आनंद मानणारे लोक तिथे हमखास असतात. संवादांत उर्दू शब्द बरेच आहेत, पण न्यायालयात ज्याने एखादी तारीख तरी घेतली आहे त्याला ‘मुलजिम’ आणि ‘गवाह’ अडणार नाहीत.

माझ्याकडे या चित्रपटाची तीन चकत्यांची जुनी व्हीसीडी आहे. ती मी पंधरा-एक वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतली, आणि घरी आल्यावर लक्षात आले की तिसरी चकती चालतच नाही. रहस्यपटाची नेमकी शेवटची चकती खराब असावी यापेक्षा मोठी थट्टा नाही. दुकानदाराने बदलून देतो म्हणून नऊ दिवस हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी पैसेही परत केले नाहीत. पहिल्या दोन चकत्या आजही उत्तम चालतात.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारी राहणारे निवृत्त बेलिफ त्या दोन चकत्या घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना माझ्या दारात उभे. उरलेला भाग मी त्यांना आमच्या टीव्हीवर नातवाकडून लावून दिला. मध्ये चहा आला तो त्यांनी गार होऊ दिला. चित्रपट संपल्यावर ते बराच वेळ पायांत चप्पल सरकवत दारातच उभे राहिले. शेवट आवडला का, असे मी विचारले.

“शेवट झकास आहे हो, स्टेनोसाहेब,” ते म्हणाले, “पण त्या पहिल्या गड्याची धा वर्षं राहिलीच की तशी.”